१२८ की २५६: कोथरूडच्या एका दुकानातला दिवाळीचा हिशेब

२०२४ च्या गणपतीचं विसर्जन होऊन आठवडाही झाला नसेल, तोच पुण्यात कोथरूडमधल्या एका मोबाइलच्या दुकानात कंपनीचा एरिया मॅनेजर दिवाळीची स्कीम घेऊन हजर झाला. दुकान कर्वे पुतळ्याच्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी. वडील आणि मुलगी मिळून चालवतात, हाताखाली एक मुलगा आहे. स्कीम ऐकायला सोपी होती. अठरा हजारांच्या टप्प्यातल्या एका मॉडेलचे १२८ जीबीचे ४० नग उचलायचे, ते भाऊबीजेच्या आत गिऱ्हाइकाच्या हातात ॲक्टिव्हेट झाले पाहिजेत, मग प्रत्येक नगामागे ४०० रुपये जादा. त्याच मॉडेलच्या २५६ जीबीला स्कीम नाही, आणि माल ‘जसा येईल तसा’.

मी या दुकानाचे जीएसटीचे आणि वर्षाअखेरचे हिशेब बघतो, म्हणून हे प्रकरण वहीच्या बाजूने दिसलं. दोघांना विचारूनच लिहितो आहे. दुकानाचं आणि कंपनीचं नाव देत नाही, आणि रकमा समजायला सोप्या जाव्यात म्हणून गोल केल्या आहेत.

गिऱ्हाइकासाठी १२८ ची किंमत १७,९९९ आणि २५६ ची १९,९९९. सगळं वजा जाता दुकानाला १२८ वर ७०० सुटत होते, २५६ वर ८००. स्लॅब, म्हणजे हा ४० नगांचा टप्पा, गाठला की १२८ वरचे ७०० एकदम १,१०० होतात. चाळीस नगांवर हा फरक १६,००० रुपयांचा. हाताखालच्या मुलाचा महिन्याचा पगार जवळपास त्यातून निघाला असता. मोबाइलच्या धंद्यात फोनवरचं मार्जिन चार टक्क्यांच्या आसपास घुटमळतं, खरा आधार कव्हर, ग्लास, चार्जर यांचा. अशा दुकानाला १६,००० ही नाकारायची रक्कम नसते.

वडील घ्यायच्या विचारात होते. मुलगी नको म्हणाली. “बाबा, हे फोन वर्षा-दीड वर्षात परत काउंटरवर येतात. विकायला नाही, भांडायला.” मॅनेजर हसला. “ताई, १२८ कुणाला कमी पडतंय? लोक रील बघतात, साठवत नाहीत.” वडील त्याला म्हणाले, “तुला भाऊबीजेपर्यंत बघायचंय रे, आम्हाला पुढच्या दिवाळीतही याच गल्लीत बसायचंय.” पण हो-नाही काहीच सांगितलं नाही, दोन दिवस मागून घेतले.

१२८ मधले हातात किती येतात

मुलीच्या म्हणण्यात तथ्य किती, हे आधी बघायला हवं. खोक्यावरचे १२८ जीबी म्हणजे १२८ अब्ज बाइट. १,०२४ च्या पटीने मोजलं तर तेच ११९ भरतात. त्यातून ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपनीने आधीच घालून दिलेली ॲप वीस-पंचवीस जीबी घेतात. म्हणजे गिऱ्हाइकाला खरी जागा मिळते ती पंचाण्णवच्या आसपास. या मॉडेलला मेमरी कार्डची खाचही नव्हती. त्याच मालिकेतल्या आधीच्या फोनला ती होती.

पंचाण्णव जीबी ऐकायला पुष्कळ वाटतात. दुकानात येणारी माणसं बघितली की तसं वाटत नाही. नवी पेठेत खोली घेऊन एमपीएससीची तयारी करणारा मुलगा क्लासच्या ॲपवरून तासन् तासांचे व्हिडिओ उतरवून ठेवतो, कारण अभ्यासिकेत नेट धड चालत नाही. हे व्हिडिओ ॲपच्या आतच राहतात, बाहेर काढून पेनड्राइव्हवर टाकता येत नाहीत. ढोल-ताशा पथकातली पोरं नदीपात्रातला सराव संपूर्ण चित्रित करतात. साध्या १०८० पी व्हिडिओलासुद्धा मिनिटाला सुमारे १३० एमबी लागतात, म्हणजे तासाला साडेसात-आठ जीबी. फोरके आणि सेकंदाला ६० फ्रेमवर गेलात तर आयफोन स्वतःच सेटिंगमध्ये मिनिटाला ४०० एमबीच्या आसपास सांगतो, म्हणजे तासाला साधारण २४ जीबी. आणि व्हॉट्सॲपचं तर विचारूच नका. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, नात्यातले तीन ग्रुप, आणि प्रत्येक सुप्रभात आपोआप डाउनलोड होणारी.

यात एक गोष्ट विकणाराही विसरतो आणि घेणाराही. नवा फोन रिकामा सुरू होत नाही. जुन्यातलं सगळं आधी त्यात ओतलं जातं. जुन्या फोनमध्ये ७२ जीबी भरलेले असतील, तर पंचाण्णवपैकी ७२ पहिल्याच संध्याकाळी संपतात. मग तो माणूस वर्षाला २४ जीबीने वाढत असेल, तर वर्ष सरता सरता ‘स्टोरेज फुल’ची पाटी येणार.

पाटी यायच्या आधीच फोन रखडायला लागतो. फ्लॅश मेमरीत जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि त्यासाठी हाताशी मोकळे ब्लॉक असावे लागतात. ते संपत आले की प्रत्येक लेखनाआधी आतमध्ये हलवाहलव सुरू होते. गिऱ्हाईक मात्र ‘जागा संपली’ असं म्हणत नाही. ते म्हणतं, “तुम्ही दिलेला फोन हँग होतो.” शब्द ‘तुम्ही दिलेला’ असे असतात, कंपनीचं नाव त्यात कुठेही नसतं.

कंपनीची बाजू, तिच्याच तोंडून ऐकावी तशी

कंपन्या स्टोरेजवर लुटतात, हे वाक्य सोपं आहे आणि निम्मंच खरं आहे. फोन घडवायचा खर्च बहुतेक करून दोन्ही व्हेरिएंटला सारखाच: तोच पडदा, तोच कॅमेरा, तीच बॅटरी, तेच सॉफ्टवेअर. मेमरीची चिप दुप्पट झाली म्हणून तिचा खर्चही बरोबर दुप्पट होत नाही, कारण कंट्रोलर आणि पॅकेजिंग दोन्हींत एकेकदाच लागतं. त्यामुळे वरच्या व्हेरिएंटचे जादा दोन हजार हे मेमरीचे पैसे कमी आणि ‘तुम्ही किती द्यायला तयार आहात’ याचे जास्त. खालची किंमत जाहिरातीत झळकते, वरच्या किमतीतून पोट भरतं. यात गैर काही नाही. वरच्याने जास्त दिलं म्हणून खालच्याला फोन अठरा हजारांत मिळतो, असंही त्याकडे बघता येतं.

गैर कुठे सुरू होतं, ते फ्रेंच अभियंता आणि अर्थतज्ज्ञ ज्यूल द्युपुई याने १८४९ मध्ये रेल्वेबद्दल नेमकं सांगितलं होतं. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर घालणं कंपनीला महाग पडत नव्हतं. पण छप्पर असतं तर दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणारे लोकही तिसऱ्यातच बसले असते. म्हणजे गरिबाला त्रास व्हावा असा हेतू नव्हता, पैसेवाल्याला धाक बसावा एवढाच होता. भिजायचा मात्र गरीब.

आयफोनच्या इतिहासात असा बिनछपराचा डबा होऊन गेला. २०१४ च्या आयफोन ६ मध्ये ॲपलने १६, ६४ आणि १२८ जीबी ठेवले आणि मधला ३२ काढून टाकला. अमेरिकेत प्रत्येक पायरी शंभर डॉलरची. १६ घेणाऱ्याला फक्त शंभर डॉलरमध्ये चौपट जागा दिसायची, मग हात आपोआप ६४ कडे जायचा. जे १६ वरच थांबले त्यांना त्याच वर्षी आयओएस ८ (आयफोनची ऑपरेटिंग सिस्टिम) आलं तेव्हा अपडेटसाठीच जवळपास पाच जीबी मोकळे करावे लागले. पुढच्या वर्षी आयओएस ९ साठी ती गरज १.३ जीबीवर आणली, पण १६ ची पायरी ६एस मध्येही तशीच होती. ती हटली २०१६ ला, आयफोन ७ आला तेव्हा.

अँड्रॉइडवाले वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले. सॅमसंगने गॅलेक्सी एस ६ मधून २०१५ ला कार्डची खाच काढली, लोक ओरडले, २०१६ ला एस ७ मध्ये परत दिली आणि २०२१ च्या एस २१ पासून पुन्हा काढली. याची तांत्रिक कारणं खोटी नाहीत: हलकं कार्ड टाकून गिऱ्हाईक फोनला मंद म्हणतं, खाच जागा खाते. पण खाच गेली की वरच्या व्हेरिएंटचा एकमेव स्पर्धकही जातो, हे कारण पत्रकात कुणी लिहीत नाही. कधीकधी तर दोन व्हेरिएंटमधला फरक जागेपुरताही नसतो. गॅलेक्सी एस २३ मध्ये १२८ ला यूएफएस ३.१ ही जुन्या पिढीची मेमरी होती आणि २५६ ला नवी, वेगवान यूएफएस ४.०, खालच्याला जागाही कमी आणि वेगही कमी. मधल्या किमतीत तर ६ जीबी रॅमला १२८ आणि ८ जीबी रॅमला २५६ अशा जोड्या बांधलेल्या असतात. ज्याला नुसती जागा हवी त्यानेही रॅमचे पैसे भरायचे.

मग जागा हवी असेल तर क्लाउड घ्या, असं सांगतात. ॲपलच्या आयक्लाउडचे फुकटचे ५ जीबी २०११ पासून ५ च आहेत. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली, आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत मोजला जातो. गूगल वनचे, म्हणजे गूगलच्या विकतच्या जागेचे, १०० जीबी त्या वेळी वर्षाला १,३०० रुपयांना होते. तीन वर्षांचे ३,९००, आणि फोनमधली जागा एकदाचे २,०००. पीएमपी बसच्या गर्दीत फोन गेला तर फोटो क्लाउडच वाचवतो, त्यामुळे त्याची तुलना फोनच्या जागेशी करू नये हे खरं. पण विकताना ती तुलना कंपन्याच करतात.

दोन दिवसांत काय ठरलं

मुलीने काउंटरवर एक साधी पद्धत सुरू केली होती, ती या प्रकरणात कामाला आली. गिऱ्हाइकाला “किती जीबी हवेत?” विचारायचं नाही. तो एक तर ‘जास्तीत जास्त’ म्हणतो, नाही तर ‘स्वस्तातला’. त्याऐवजी जुन्या फोनची सेटिंग उघडून किती भरलंय ते बघायचं, आणि फोन किती वर्षं वापरला ते विचारायचं. भरलेल्या जागेला वर्षांनी भागलं की त्याची वर्षाची भूक कळते. नव्या फोनमध्ये आधी जुनं सगळं धरायचं, मग ती भूक चार वर्षांची जोडायची. बेरीज ऐंशीच्या आत असेल तर १२८ बिनधास्त द्यायचा.

या हिशेबाने दोन्ही बाजूंना चटके बसतात, म्हणूनच मला तो पटतो. त्या दिवसांत एक निवृत्त शिक्षक आले होते. चिरंजीवांनी अमेरिकेतून सांगितलेलं, २५६ च घ्या. जुना फोन पाच वर्षांचा, भरलेले ३८ जीबी. वर्षाला आठदेखील नाहीत. चार वर्षांनी सत्तर होतील. वडिलांनी त्यांना सरळ सांगितलं, “सर, दोन हजार वाचवा, १२८ पुरे.” त्यात दुकानाचे शंभर रुपये गेले. सरांनी चिरंजीवांना तिथूनच फोन लावला आणि दहा मिनिटं गणित समजावलं, जणू वर्गच चालू आहे.

या पद्धतीने बघता येणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना २५६ लागणार, असा दोघांचा अंदाज पडला. म्हणजे ४० नग १२८ चे उचलले तर त्यातले बरेचसे ज्यांना पुरणार नाहीत त्यांच्याच गळ्यात मारावे लागणार. मुलीने मॅनेजरला उलटा प्रस्ताव दिला: २५ नग १२८ चे आणि १५ नग २५६ चे, मिळून ४० चा एकच स्लॅब धरा. मॅनेजर त्याच्या परीने प्रामाणिक होता. त्याने वर विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, “ताई, सिस्टिममध्ये स्लॅब व्हेरिएंटवर बांधलेला आहे. डिस्ट्रिब्युटरकडे १२८ साचलाय, तो हलवायचाय. माझ्या हातात नाही.”

मला या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. ज्या कंपनीने किमतींची शिडी अशी रचली की माणूस २५६ कडे चढावा, तीच दिवाळीत त्याला १२८ वर धरून ठेवायला पैसे देत होती. मुख्यालयाला २५६ च्या नगावर जास्त सुटतं. शाखेला मात्र महिन्याचं टार्गेट आणि गोदामातला माल दिसतो. ‘कंपनीचा नफा’ म्हणून आपण जो एक आकडा धरतो, तो प्रत्यक्षात दोन खात्यांत दोन वेगळ्या तऱ्हेने मोजला जातो. गिऱ्हाइकाच्या हिताआड इथे नफा आला असं म्हणण्यापेक्षा चुकीचा अंदाज आला, असं म्हणणं जास्त खरं आहे. कारखान्यात १२८ जास्त बनले, आणि त्या चुकीची किंमत कुणी भरायची एवढाच प्रश्न उरला.

दुकानाने स्लॅब सोडला. १२८ चे २२ नग घेतले. २५६ चे डिस्ट्रिब्युटरकडून दोन हप्त्यांत मिळून ९ आले. दसऱ्यानंतर ते संपले तेव्हा मुलीने बुधवार पेठेतल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून आणखी ६ उचलले, महागात; त्यावर नगामागे ४०० च सुटले. हप्त्यावर घेणाऱ्यांच्या बाबतीत २५६ विकायला कष्टच पडले नाहीत, कारण दहा हप्त्यांत दोन हजारांचे महिन्याला दोनशे होतात. (याच दोनशे-दोनशेच्या भाषेत लोकांना नको असलेले ५१२ जीबीही विकले जातात, हे सांगून ठेवतो.)

भाऊबीजेनंतरचा हिशेब असा. १२८ चे १७ विकले गेले, ११,९०० सुटले. २५६ चे ९ आणि ६, त्यांचे ७,२०० आणि २,४००. एकूण २१,५००. दोघंजण २५६ साठी थांबले नाहीत, त्यांनी ऑनलाइन मागवला. ५ नग १२८ चे शिल्लक राहिले.

स्लॅब घेतला असता तर? विकले गेलेले सगळे ३२ नग १२८ चेच असते असं धरू, म्हणजे ३५,२००. उरलेले ८ नग स्लॅब गाठायला खोक्यातून काढून दुकानानेच ॲक्टिव्हेट केले असते, बाजारात सर्रास करतात तसे, आणि मग सील तुटलेला माल म्हणून दीड हजार उतरवून विकावे लागले असते. स्कीम धरूनही त्यात नगामागे ४०० चा तोटा, म्हणजे ३,२०० वजा. निव्वळ ३२,०००. तेव्हा सरळ वागण्याचा त्या मोसमातला खर्च १०,५०० रुपये. शिल्लक पाच नग पुढे कधी तरी विकले जातील हे धरलं तर थोडा कमी.

वडिलांना हा आकडा दाखवला तेव्हा ते गप्प झाले. मुलीने तो १५ ने भागला. ज्या पंधरा जणांना १२८ ऐवजी २५६ दिला त्यांच्यामागे दुकानाने माणशी ७०० रुपये सोडले, आणि ७०० म्हणजे एका १२८ वरचं मार्जिन. त्यातला प्रत्येकजण पुढचा एक फोन इथूनच घेईल, तर सोडलेलं परत आलं. मधल्या काळातले कव्हर आणि ग्लास वर. कोथरूडमध्ये, जिथे एकाच इमारतीतले चार फ्लॅट एकमेकांना विचारून फोन घेतात, तिथे ही पैज मला वाजवी वाटते. एखाद्या स्टेशनसमोरच्या दुकानाला मी हाच सल्ला दिला नसता. तिथलं गिऱ्हाईक परत येतच नाही, त्यामुळे तिथे स्लॅब घेणाऱ्याला दोष देणंही कठीण आहे.

त्यानंतर

डिसेंबरात १२८ ची किंमत हजाराने उतरली. शिल्लक नगांच्या फरकाची भरपाई देणारी कंपनीची क्रेडिट नोट यायला मार्च उजाडला.

सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने आयफोन १७ ची सुरुवातच २५६ जीबीपासून केली, ८२,९०० रुपयांना. आदल्या वर्षीचा आयफोन १६ आला तेव्हा १२८ ची किंमत ७९,९०० होती आणि २५६ ची ८९,९००. म्हणजे २५६ घेणाऱ्याला सात हजारांचा फायदा आणि १२८ पुरणाऱ्याला नव्या फोनसाठी तीन हजारांचा भुर्दंड, तो टाळायचा तर गेल्या वर्षीचाच १६ घ्यायचा. त्या निवृत्त सरांसारख्या माणसाचं नव्या शिडीत भलं झालं असं म्हणता येत नाही. कंपनीचं मात्र दोन्हीकडून भागलं: पहिली पायरी काढली की सरासरी किंमत वर सरकते, आणि रंग गुणिले व्हेरिएंट असे जे डझनभर प्रकार बनवून गोदामात अंदाजाने ठेवावे लागतात तेही कमी होतात. दिवाळीला १२८ साचण्याची भानगडच उरत नाही.

स्वस्तातल्या अँड्रॉइडला ही चैन लगेच परवडेल असं दिसत नाही. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीची मागणी वाढवली, चिपच्या किमती चढल्या, आणि १२८ ला आणखी काही मोसम मरण नाही. दोन व्हेरिएंटमधले दोन हजार उद्या तीन झाले, तर मुलीच्या हिशेबातला मधला गट अडचणीत येईल. ज्यांची चार वर्षांची बेरीज ऐंशी ते शंभरच्या मध्ये पडते, ते. अशा गिऱ्हाइकाला ती आताच वेगळं सांगते: नवा फोन घेण्याआधी जुना साफ करून घ्या. व्हॉट्सॲपच्या ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये मोठे व्हिडिओ आकारानुसार लावून मिळतात, बऱ्याच जणांचे दहा-पंधरा जीबी तिथेच सुटतात. फोटो आधी हार्ड डिस्कवर उतरवून द्यायचे, गिऱ्हाइकाला बाजूला बसवून काय पुसायचं ते त्यालाच ठरवू द्यायचं. अर्धा-पाऊण तास लागतो. या कामाचे दुकान शंभर रुपये घेतं, आणि त्यावर स्लॅब नाही.